झाकलेल्या ओळी

"आता ही लाल चौकट बघ," पडद्यावर पेनाचं टोक टेकवत ती म्हणाली. "रक्तगट जुळला, पिशवी ताजी आहे, सगळं जिथल्या तिथे आहे, तरी प्रोग्रॅम अडून बसतो. का ते सांग."

दाढीवाल्याने हातातलं काम सोडलं आणि खुर्ची तिच्याकडे ओढली.

"पेशंटला आधी कधीतरी रक्त चढवल्यावर त्रास झालेला असतो," तो म्हणाला. "त्याच्या अंगात त्या रक्ताविरुद्ध काहीतरी तयार झालेलं असतं. पुढे ते तपासणीत दिसेनासं होतं, पण गेलेलं नसतं. म्हणून प्रोग्रॅम जुनी नोंद काढून बघतो आणि थांबवतो."

तिला मनापासून बरं वाटलं. कंत्राटी कंपनीतून आलेला माणूस, रक्तपेढीचा आणि त्याचा कालपरवापर्यंत काही संबंध नाही, आणि तरी इतक्या मुळाशी गेला. मग तिने त्याला ती गोष्ट सांगितली. चौकट ज्या बाईमुळे आली तिची. दुसऱ्या बाळंतपणाला आलेली, हसरी, नर्सांशी थट्टा करणारी बाई. रक्त चढवलं, सगळं जुळत होतं, आणि काही दिवसांत तिची कातडी पिवळी पडली, लघवी काळी झाली आणि ती गेली. पहिल्या बाळंतपणात तिला रक्ताचा त्रास झाला होता हे कागदोपत्री कुठेतरी होतं, पण ते बघायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. त्या वेळी प्रोग्रॅम नवा होता आणि त्यात ही चौकट नव्हती.

"तिचा नवरा पेढीच्या दारात येऊन उभा राहिला," ती म्हणाली. "काही बोलेना. नुसता उभा. आणि त्याच्या काखेत..."

"बाळाचं दुपटं होतं, घडी केलेलं," दाढीवाला हळूच म्हणाला.

ती थांबली. "तुला कोणी सांगितलं हे?"

"सिस्टरनी सांगितलं असेल," असं म्हणून तो आपल्या पडद्याकडे वळला.

पेढीच्या सिस्टरच्या तोंडात तीळ भिजत नाही हे सगळ्यांनाच ठाऊक होतं, त्यामुळे तिने ते मनावर घेतलं नाही. मात्र गोष्टीची मजा गेल्यासारखं तिला वाटलं, आणि लगेच स्वतःचा रागही आला. त्यात मजेचं काय होतं?

सगळं हॉस्पिटल तिला ताई म्हणायचं. तिशीत असताना ती इथे लागली. तेव्हा हॉस्पिटलात संगणक विभाग म्हणजे पेढीशेजारची अडगळीची खोली, एक मशीन आणि ही. रक्तपेढीचा प्रोग्रॅम तिने एकटीने लिहिला होता. पिशवी आली की नोंद, तपासली की नोंद, कोणाला दिली, का दिली, उरली तर कधी टाकून द्यायची, सगळं त्यात. पुढे वॉर्डांना रक्त मागवता यावं म्हणून वेबवरचा एक भाग जोडला. हॉस्पिटल वाढत गेलं, दोन मजले चढले, साहेब बदलले, पण पेढीतल्या त्या जुन्या संगणकावर तिचाच प्रोग्रॅम चालत राहिला. लोकांना त्याची इतकी सवय झाली होती, की तो कोणीतरी लिहिलेला आहे हेच ते विसरले होते. भिंत असावी तसा तो होता.

पण ज्या भाषेत तो लिहिला होता, ती भाषा बनवणाऱ्यांनीच आता तिच्यावरून हात काढला होता. नव्या मशीनवर ती चालत नव्हती, आणि जुनी मशीनं एकेक करून माना टाकत होती. तेव्हा पेढीचा प्रोग्रॅम आणि वॉर्डांचा वेबवरचा भाग, दोन्ही नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचं ठरलं. साहेबांनी मीटिंगमध्ये समजावून सांगितलं, की हे घर बदलण्यासारखं आहे, सामान तेच, घर नवं. त्यावर ती म्हणाली होती, की घर बदलताना जो खोका कोणी उघडून बघत नाही, त्यातलंच सामान फुटतं. सगळे हसले होते. पेढीचा भाग तिच्याकडे आला, वेबचा भाग कंत्राटी माणसाकडे. त्याची दाढी छातीपर्यंत होती. पहिल्या आठवड्यातच हॉस्पिटलने त्याचं खरं नाव बाजूला ठेवलं.

नवी भाषा शिकायला तिला अवघड गेलं नाही. निदान तिला तसं वाटत होतं. अधूनमधून एखादा शब्द सापडत नसे. सर्व्हर म्हणायचं असे आणि ती "ते... कपाट" म्हणून मोकळी होई. एकदा लिफ्टमधून उतरली तर समोर बाळांचा वॉर्ड, आणि आपण तिथे कशाला आलो ते काही केल्या आठवेना. हातातला कप टेबलभर शोधला, तेव्हा सगळ्यांबरोबर तीही पोट धरून हसली. "डोक्यात नवी भाषा शिरायची तर जुन्यातलं काहीतरी खाली उतरणारच," असं ती म्हणायची. वयाकडे बोट दाखवायची, चष्म्याच्या नंबराकडे दाखवायची. लोकांनाही ते पटायचं. विसरत कोण नाही?

दाढीवाला मात्र अशा वेळी हसत नसे. तिच्या ते कधी लक्षात आलं नाही.

बदलाचा दिवस जवळ आला तेव्हा पेढीत दोन्ही प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालवायला सुरुवात झाली. हुकूम जुन्याचा, नवा फक्त बरोबर चालतोय का ते बघायला. सिस्टर कुरकुरत प्रत्येक काम दोनदा करायची. तिची फ्रीजांची खोली कायम गार असे, त्यामुळे ती उन्हाळ्यातही स्वेटर घालून फिरे. त्या दिवशी ती तशीच स्वेटर घातलेली, संगणक विभागाच्या दारात आली आणि नळ गळतोय म्हणून सांगावं तशा सुरात म्हणाली, "ताई, जुना लाल झाला आणि नवा म्हणाला, द्या. असं होतं का कधी?"

हाडाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका म्हाताऱ्या बाईंसाठी पिशवी मागवली होती. गट जुळत होता, तपासणीतही काही निघालं नव्हतं. पण फार वर्षांपूर्वी त्यांना याच हॉस्पिटलात रक्ताचा त्रास झाला होता. जुन्या प्रोग्रॅमने ती नोंद काढली आणि लाल चौकट टाकली. नव्याने काहीच विचारलं नाही. सिस्टरने हुकमाप्रमाणे जुन्याचं ऐकलं, पिशवी परत फ्रीजमध्ये ठेवली आणि दुसरी शोधली. म्हाताऱ्या बाईंना कशाचाच पत्ता नव्हता, त्या आपल्या खाटेवर वाट बघत पडल्या होत्या.

पुढच्या आठवड्यात जुना बंदच होणार होता.

तिने नव्या प्रोग्रॅमचा कोड उघडला. चौकटीच्या ओळी होत्या. अगदी जिथे असायला हव्यात तिथे, तिच्याच हातच्या. पण प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक खूण होती. कोणतीही ओळ तात्पुरती बाजूला ठेवायची असली, की प्रोग्रॅम लिहिणारे अशी खूण करतात. माणसाला ओळ दिसते, मशीन तिच्यावरून पुढे निघून जातं. विभागात याला ओळी झाकणं म्हणायचे. चौकटीच्या सगळ्या ओळी कोणीतरी झाकून ठेवल्या होत्या.

साहेबांच्या खोलीत दार लावून बोलणं झालं. साहेब तसे वाईट माणूस नव्हते, पण वरून तारखेचा तगादा होता आणि त्यांचा रक्तदाब त्यांच्या कानांच्या रंगावरून कळायचा. हे कोणी केलं, असं त्यांनी विचारलं. आपण नाही, असं तिने सांगितलं. मग दाढीवाल्याने जमिनीकडे बघत तोंड उघडलं.

"ताई, तुम्हीच झाकल्या होत्या. जुन्या पेशंटांच्या नोंदी घेऊन तुम्ही पिशवी देण्याचा पडदा तपासत होतात. ती चौकट मध्ये मध्ये येत होती. संध्याकाळी उघडते म्हणालात."

"मी?" तिचा आवाज इतका चढला की तिचा तिलाच तो अनोळखी वाटला. "ती चौकट मी झाकेन? ज्या बाईसाठी मी ती लिहिली, तिचा चेहरा आजही माझ्या डोळ्यांपुढे आहे. तू स्वतःची कातडी वाचवायला खोटं बोलतोयस."

साहेबांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. एका बाजूला अख्खं आयुष्य या इमारतीत घालवलेली बाई होती आणि दुसऱ्या बाजूला कंत्राटी माणूस. त्यांना फार विचार करावा लागला नाही. त्याच्या कंपनीला आपण कळवतो, असं ते म्हणाले, आणि उद्यापासून त्याने यायची गरज नाही.

त्याने आपला कप घेतला, कानाला लावायचे हेडफोन घेतले आणि दारापर्यंत जाऊन मागे वळला.

"मी तुम्हाला संध्याकाळी विचारलं होतं ताई. तुम्ही म्हणालात, उघडल्या. मी स्वतः बघायला हवं होतं. ते माझं चुकलं."

तो गेला. तिने झाकलेल्या ओळी उघडल्या, चौकट पुन्हा तपासली, ती लाल झाल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. काम फत्ते झालं होतं, पण जिवाला थंडावा मिळत नव्हता. खोटं बोलणारा माणूस जाताना असं बोलत नाही, हा विचार ती झटकत होती आणि तो माशीसारखा परत येऊन बसत होता.

घरी आली तर स्वयंपाकघरात अक्का भांडी पुसत उभी. तिची थोरली बहीण. अक्काला बघून ती क्षणभर सगळं विसरली. चपला तशाच पायात ठेवून आत गेली आणि अक्काच्या गळ्यात पडली.

"अगं, येणार म्हणून सांगायचं तरी. मी लवकर आले असते."

अक्काचे हात थांबले. दारात ताईचा नवरा उभा होता. भूगोल शिकवून निवृत्त झालेला शांत माणूस, उगाच एक शब्द जास्त बोलायचा नाही. त्याने अक्काकडे पाहिलं आणि अक्काने त्याच्याकडे. त्या दोघांना हे बघणं नवं नव्हतं, हे तिला त्याच क्षणी कळलं.

"काय झालं?" तिने विचारलं.

"तूच बोलावलंस मला," अक्का म्हणाली. "रविवारी फोन केलास. मग तासाभराने परत केलास, आणि तेच सगळं पहिल्यापासून सांगितलंस."

तिने हसायचा प्रयत्न केला. कामाचा ताण आहे, म्हणाली. मग खुर्चीवर बसून तिने आज काय झालं ते सांगितलं: चौकट, झाकलेल्या ओळी, आणि दाढीवाला कसा धडधडीत खोटं बोलला ते. दोघं ऐकत होते. नवरा मधेच उठला आणि शेगडीजवळ जाऊन बटण हाताने चाचपून परत आला. गॅस बंदच होता. तो उठला कसा, गेला कसा, हे तिने पाहिलं. ज्या सहजतेने त्याने ते केलं त्यात रोजचा सराव होता.

"तुम्ही असं रोज बघता?"

त्याने वर्तमानपत्र जवळ ओढलं.

"अहो, मी विचारतेय. माझ्यामागून बघत फिरता का?"

"अगं, एकदा चालू राहिला होता," तो म्हणाला. "नंतर परत एकदा. मग मी आपलं बघायला लागलो. तुला कशाला सांगून त्रास द्यायचा?"

"कधीपासून?"

"थंडी संपत आली होती तेव्हा."

आता पंखे सुरू होऊन किती दिवस झाले होते. म्हणजे इतके दिवस हा माणूस तिच्या पाठीमागून घरभर फिरत होता. नळ बंद करत होता, दाराला लावलेली किल्ली काढून ठेवत होता, आणि ती वळली की वर्तमानपत्रात डोकं घालत होता. तिला त्याचा राग यायला हवा होता. राग आला नाही.

अक्काने फडकं खाली ठेवलं आणि तिच्यासमोर येऊन बसली. त्यांच्या आईचं शेवटचं सगळं अक्कानेच केलं होतं. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अख्ख्या गावाचे नंबर तिला तोंडपाठ असत, आणि शेवटी तिला स्वतःच्या मुलींची नावं सांगावी लागत. ही तेव्हा नोकरीत अडकलेली, सुट्टीत जायची, जाताना कपडे आणि औषधं न्यायची, आणि परत येताना गाडीत रडायची. सुरुवात कशी झाली ते तिने पाहिलं नव्हतं.

"आईला आपण विसरतोय असं वाटलंच नव्हतं गं," अक्का म्हणाली. "तिला वाटायचं, बाकीचे सगळे खोटं बोलतात."

तिघं तशीच बसून राहिली. शेजारच्या घरात कोणीतरी बातम्या लावल्या होत्या, त्याचा आवाज भिंतीतून येत होता.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर निघाली आणि साहेबांच्या खोलीबाहेर त्यांच्या येण्याची वाट बघत उभी राहिली. रात्रभर तिने तो प्रसंग आठवायचा प्रयत्न केला होता. आपण ओळी झाकतोय, तो शेजारी बसलाय, संध्याकाळी तो विचारतोय. काहीच हाती लागलं नव्हतं. तिथे धूसर असंही काही नव्हतं. सरळ नव्हतंच. घरातली एखादी खोली रातोरात भिंत बांधून बंद करावी, आणि तिथे कधी दार होतं याचीही खूण राहू नये, तसं होतं.

साहेब आले. तिने उभ्यानेच सांगितलं, की दाढीवाला खरं बोलत होता. ओळी तिने झाकल्या होत्या.

"आठवलं तुम्हाला?" साहेबांनी विचारलं.

"नाही. अजिबात आठवत नाही. आठवत नाही म्हणूनच सांगतेय."

साहेबांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. तुम्ही थकलायत, म्हणाले, चार दिवस रजा घ्या, चौकट आता दुरुस्त झालीच आहे, मग कशाला उगाच वाढवायचं. त्यांच्या बोलण्यात माया होती आणि त्यांना वाटत असलेली तारखेची भीतीही होती. दोन्ही तिला दिसत होत्या. यातलं काहीही धरून घरी जाता आलं असतं. कोणी नाव ठेवलं नसतं.

"माझ्या आईला हे झालं होतं," ती म्हणाली. "मला होतंय असं मला वाटतं. डॉक्टरांकडे जाईन तेव्हा जाईन. पण साहेब, नव्या प्रोग्रॅममधल्या माझ्या एकाही ओळीवर विश्वास ठेवू नका. सगळं दुसऱ्या कोणीतरी वाचलं पाहिजे. तोपर्यंत जुना बंद करू नका."

साहेबांचे कान लाल झाले, मग हळूहळू तो रंग उतरला. खाली फाटकातून एक रुग्णवाहिका आत वळत होती. ती गाडी आडोशाला जाईपर्यंत साहेब खिडकीतून तिकडे बघत राहिले.

"अजून काय काय झाकलेलं असेल?" त्यांनी विचारलं.

"तेच मला माहीत नाही."

साहेबांनी फोन उचलला आणि तारीख पुढे ढकलायचं बोलणं सुरू केलं.

दाढीवाल्याला तिने स्वतः फोन केला. मी तुला सगळ्यांसमोर खोटारडा म्हणाले, ती म्हणाली, तू मला माफ कर असं म्हणायचं तोंड मला नाही, पण परत ये. पलीकडे त्याने कुठलंतरी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"ताई, त्या बाळंतिणीची गोष्ट तुम्ही मला रोज सांगायचात," तो म्हणाला. "कधी कधी दिवसातून दोनदा. मी कोणाला बोललो नाही. तुमची लाज जाऊ नये म्हणून. मीच बोलायला हवं होतं."

"सिस्टरने सांगितली नव्हती तर."

"नाही."

तिने फोन बंद केला आणि कितीतरी वेळ तसाच हातात धरून बसली.

तो परत आला. तिच्या सगळ्या ओळी त्याने पहिल्यापासून वाचायला घेतल्या, वाईट हस्ताक्षरातला मजकूर वाचावा तशा, बोट ठेवून. आणखी दोन ठिकाणं निघाली. एका ठिकाणी मुदत संपलेली पिशवी नवा प्रोग्रॅम ताजी म्हणून दाखवत होता, पण ठरावीक महिन्यांतच, त्यामुळे ते शेजारी शेजारी चालवताना कधी दिसलं नसतं. दुसऱ्या ठिकाणी एकच काम तिने दोन वेळा लिहिलं होतं, दोन वेगळ्या रीतींनी, एकीला दुसरीचा पत्ता नसल्यासारखं. ते बघताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही, तिने मात्र पडद्यावरच्या त्या ओळींकडे नीट पाहिलं.

ती रोज येत राहिली. कीबोर्डला हात लावायचा नाही हे तिने स्वतःच ठरवलं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून, हात मांडीवर ठेवून ती बसायची आणि तो विचारेल ते सांगायची. जुनं तिला लख्ख आठवत होतं. हा आकडा इथेच का, ही अट कोणत्या डॉक्टरच्या हट्टापायी आली, कोणत्या वॉर्डने कधी काय घोळ घातला होता, सगळं. तो सगळं लिहून घ्यायचा. कधी ती तेच परत सांगायला लागली तर तो आता गप्प बसत नसे. "ताई, हे झालं," इतकंच म्हणायचा, आणि ती "बरं, पुढे," म्हणायची. सुरुवातीला प्रत्येक वेळी तिचा चेहरा उतरायचा. मग तेही अंगवळणी पडलं.

डॉक्टरांनी मध्ये तपासण्या केल्या आणि दुखण्याचं नाव सांगितलं. नाव तिला आधीच ठाऊक होतं. किती वेळ आहे, असं तिने विचारलं, तर त्यांनी प्रत्येकाचं वेगळं असतं असं सांगितलं. बाहेर आल्यावर नवरा म्हणाला, "आपण आता एक करू. कामावरून तू एकटी निघायचं नाहीस. मी घ्यायला येत जाईन." तिने वाद घातला. हॉस्पिटल ते घर हा रस्ता झोपेतसुद्धा चालेन, म्हणाली. तो ऐकेना. आयुष्यात पहिल्यांदाच तो कशावर तरी अडून बसला होता, आणि तिने मान्य केलं.

जुना प्रोग्रॅम बंद करायचा दिवस आला तेव्हा पेढीत सगळे जमले होते. साहेब तिला म्हणाले, तुमच्या हातून होऊ द्या. ती म्हणाली, इतकी वर्षं सिस्टरने तो चालवलाय, तिलाच करू द्या. सिस्टरने स्वेटरच्या बाह्या मागे सारल्या आणि बटण दाबलं. जुन्या मशीनचा पंखा घरघरत हळू झाला आणि थांबला. मग नुसता फ्रीजांचा आवाज उरला. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नव्या पडद्यावर पहिली पिशवी गेली, बरोबर गेली. साहेबांनी हात चोळले.

जाताना तिने दाढीवाल्याला गाठलं. "सगळं सापडलं का रे?"

"जेवढं सापडलं तेवढं सापडलं ताई," तो म्हणाला. "मी लक्ष ठेवून राहीन."

खोटा धीर दिला नाही हे तिला आवडलं.

बाहेर ऊन कलत होतं. पाळी सुटण्याची वेळ, फाटकापाशी माणसांचा लोंढा होता. नर्सा, नातेवाईक, डबे, छत्र्या, रिक्षांचे भोंगे. नवरा अजून आला नव्हता. समोर रस्ता दिसत होता, डावीकडे वळायचं, औषधांच्या दुकानावरून सरळ, मग पूल, मग घर. सगळं तिला स्वच्छ आठवत होतं. आज तरी आठवत होतं. ती फाटकाशेजारच्या कट्ट्यावर बसली आणि पर्स मांडीवर घेतली.

बऱ्याच वेळाने तो तिला दिसला. रस्त्याच्या पलीकडे, गाड्यांमधून वाट काढत, जवळजवळ पळत येत होता. त्याला उशीर झाला होता. फाटकात येऊन तो थांबला आणि गर्दीत तिला शोधू लागला. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, ज्या रस्त्याने ती एकटी निघून गेली असती तिकडे पाहिलं. तो असा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. शाळेत सहल नेली आणि मोजताना एक मूल कमी भरलं, असा त्याचा चेहरा झाला होता. घरात तो चेहरा तिने कधी पाहिला नव्हता. तिच्यासमोर यायच्या आधी तो चेहरा नीट करून येत असणार.

तिला हाक मारावीशी वाटली, पण एवढ्या गोंगाटात ती पोहोचली नसती. ती कट्ट्यावरून उठली, हात वर केला, आणि त्याची नजर आपल्यापर्यंत येईपर्यंत तो तसाच वर धरून ठेवला.